वीस सत्तेचाळीसची फ्रेम

आईवडिलांनी नाव ठेवलं पूर्णिमा, आणि बाईचा जन्माचा राग पौर्णिमेवर. चंद्र निघाला की तिचं तोंड उतरायचं, अमावस्या जवळ आली की खुलायचं. आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची आणि सवड मिळेल ती काळोखी रात्र जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला असलेल्या घरच्या शेतात काढायची. तिथं तिनं टिनाची एक खोली बांधली होती. खोलीचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकायचं. आत दहा इंची दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला कॉम्प्युटर. गावात त्या खोलीला 'म्याडमचा बंगला' म्हणत आणि तिच्या कडकपणाला सगळे टरकून असत.

कडकपणा होता उजेडाच्या बाबतीत. मोठ्या रस्त्यावरून गावात येणारी वाट आधी एका मोरीवरून येते, मग शेताच्या कडेनं जाते आणि पुढं कडुलिंबाशी वळून गावात शिरते. मोरी ते कडुलिंब हा दोनशे पावलांचा तुकडा खोलीच्या अगदी तोंडासमोर. मोरीवर लाल दिवा टांगलेला असला की या तुकड्यात उजेड चालणार नाही, हा तिचा कायदा. घरच्यांनी टॉर्चसुद्धा लावायचा नाही. तिच्या पाठचा भाऊ जयदीप कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. तो रात्री-बेरात्री गाडी घेऊन आला तर मोरीवर हेडलाइट बंद करायचे आणि कडुलिंबापाशी पुन्हा लावायचे. एकदा तो विसरला, तेव्हा तिनं चार माणसांदेखत त्याला असं फैलावर घेतलं की पुन्हा त्याची छाती झाली नाही. मोरी आली की त्याचा हात आता आपोआप बटणावर जायचा.

यंदा तिच्या मागं एक दगड लागला होता. लघुग्रह. लांबट वाटेनं येऊन पृथ्वीच्या अलीकडून गेलेला आणि आता परत दूर पळत सुटलेला. अठराव्या प्रतीचा, म्हणजे आपल्याला नुसत्या डोळ्यांनी जो सगळ्यात मंद तारा दिसतो त्याच्याही साठ हजार पट फिका. त्याला धरायची रीत अशी की मिनिटामिनिटाचे फोटो काढत राहायचं आणि मग ते एकामागून एक भराभर पाहायचे. तारे जागच्या जागी असतात आणि त्यांच्यातून एक ठिपका मुंगीसारखा सरकत जातो, तो आपला. कोणत्या सेकंदाला तो नेमका कुठं होता हे सांगता आलं की त्याची सूर्याभोवतीची वाट मांडता येते. दोन रात्रींची मापं तिच्याकडं होती. पण दोन रात्रींवर बांधलेली कक्षा सैल असते, तिच्यातून दगड कुठंही निसटतो. तिसरी रात्र हवी होती, आणि तीही पंधरा दिवसांच्या आत, नाहीतर तो तिच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाणार होता.

अपूर्व त्याला 'ताईचा धोंडा' म्हणायचा. अपूर्व शेंडेफळ, बावीस वर्षांचा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याची दहावीची परीक्षा उरकेपर्यंत सगळं पूर्णिमेनं केलं होतं. तिनं लग्न केलं नाही त्यामागं तो किती आणि तारे किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. तो तिचा भाऊ कमी आणि लेक जास्त होता.

आणि ताईच्या कायद्याचा शिपाईही तोच. जैनथहून रोज पावणेनऊच्या सुमाराला फकिराची शेवटची ऑटो गावात यायची. फकिरा काही लाइट बंद करायचा नाही. "तुमी तारे पाहा म्याडम," तो म्हणायचा, "पन मले खड्डे पाहा लागते." ऑक्टोबरात एका संध्याकाळी अपूर्वनं मोरीवर ऑटो अडवली. शब्दानं शब्द वाढला. अपूर्वनं दगड उचलून ऑटोचा दिवा फोडला आणि प्रवाशांदेखत फकिराच्या दोन मुस्काटात भडकावल्या. फकिरा चाळिशीचा, बैलासारखा माणूस. त्यानं पोराला गचांडी धरून मोरीखालच्या चिखलात फेकलं आणि वरून ओरडला, "याच मोरीत गाडीन तुले एक दिवस!" ते सात माणसांनी ऐकलं. पूर्णिमेनं घरी अपूर्ववर रागावल्याचं सोंग केलं. खरं तर तिला आतून गोड वाटलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सातला अपूर्वचा फोन आला. ती शेतातच होती.

"ताई, जमलं तं येतो आज. तुह्या धोंड्याचं तोंड पाहा लागते एकदा."

"ये. पन वाटेनं टॉर्च लावू नको."

"मालूम हाय वो बाई!"

तो आला नाही. अकरापर्यंत तिनं वाट पाहिली. एक वाजता तिनं दुर्बीण धोंड्याकडं वळवली आणि कॅमेरा सुरू करून दिला. तो मिनिटाला एक फोटो आपला आपण काढत राहतो. ती खाटेवर आडवी झाली आणि चादर डोक्यावरून घेतली. झोपेत कधीतरी धप्प असा आवाज आल्यासारखा वाटला. पण कापसाच्या दिवसांत रानडुकरं वाटेवर धिंगाणा घालतातच. तिनं कूस बदलली.

पहाटे पाचला छप्पर ओढून ती घरी निघाली. अंधारात, टॉर्च न लावता. अंगणात जयदीप नळाशी उभा राहून गाडीवर बादली ओतत होता. निर्मल गावातलं मित्राच्या लग्नाचं रिसेप्शन आटोपून तो रात्री उशिरा आला होता, डोळे तांबारलेले होते. गाडीचा पुढचा बंपर एका बाजूनं लोंबत होता.

"हे काय झालं?"

"डुक्कर आडवं आलं रात्री. नवा बंपर गेला."

साडेसहाला कापूस वेचायला निघालेल्या बायांची किंकाळी गावापर्यंत ऐकू आली.

अपूर्व कडुलिंबाच्या अलीकडं वीस पावलांवर, वाटेच्या कडेच्या कापसाच्या पऱ्हाटीत उताणा पडला होता. डोक्याची उजवी बाजू आत गेली होती. एक पाय गुडघ्यातून उलटा वळला होता. तोंडात माती होती आणि मूठभर बोंडं त्यानं हातात घट्ट धरली होती, म्हणजे तो लगेच मेला नव्हता. फोनचा चुरा झाला होता. पहाटे पूर्णिमा त्याच्यापासून चार हातांवरून गेली होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं आपलं कपाळ जमिनीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि बायांनी धरून ओढेपर्यंत ती आपटत राहिली.

पोलिस आले, पंचनामा झाला. गाडीची धडक असेल, लोखंडी काही मारलं असेल, रिपोर्ट आल्यावर कळेल, म्हणाले. रात्री आठला जेवून उठल्यावर अपूर्वला कोणीच पाहिलं नव्हतं. अंगणातल्या खाटेवर त्याचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी धरलं की तो झोपलाच नाही, जेवून तडक शेताकडं निघाला. पोलिसांनी फकिराला बोलावलं. त्यानं सरळ सांगितलं, "हो, मी पावणेनवाला तिकून गेलो. मले कोनी दिसलं नाई." पोलिसांनी त्याला सोडून दिलं. गावानं मात्र सोडलं नाही. सात तोंडांनी मोरीवरची ती धमकी रोज नव्यानं सांगितली. जयदीप जेवेना, झोपेना, भिंतीवर मुठी मारून त्यानं बोटांची सालपटं काढली. वडील विठ्ठलराव जन्मभर तहसीलमध्ये पेशकार होते. ते एवढंच म्हणाले, "कोनाले हात लावू नका. केसची मिसल तयार झाली हाय, सारे कागद हायेत. इन्साफ होईन."

"व्हईन, बापू," जयदीप म्हणाला. "मीच करतो."

सहाव्या दिवशी पूर्णिमा शेतातल्या खोलीत गेली. सुतकात पोरगी दुर्बिणीकडं गेली म्हणून बायकांनी नाकं मुरडली. पण तिला घर खायला उठत होतं. संध्याकाळचे पाच वाजले होते. त्या रात्रीचे फोटो उघडायचे म्हणून तिनं उघडले. अपूर्व मेला त्या रात्रीचं प्रत्येक मिनिट त्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो शेवटचा श्वास घेत असताना ती आकाशाचे फोटो काढत होती, या विचारानं ती स्वतःला ओरबाडत एकेक फोटो पुढं ढकलू लागली. काळा, त्यात तारे. काळा, त्यात तारे. आणि मग एक पांढरा.

पूर्ण पांढरा नव्हे. खालच्या कोपऱ्यातून दूध सांडत आल्यासारखा उजेड. वाटेवर गाडी होती. बाकी सगळी रात्र स्वच्छ होती आणि हीच एक फ्रेम उजेडानं नासलेली होती. तिनं जयदीपला फोन लावला.

"जयदीप, त्या रात्रीचा एक फोटो हाय. वाटेवर गाडीचा लाइट पडला हाय त्याच्यात."

"टाइम? टाइम काय त्याच्यावर?"

फोटोचं नाव म्हणजेच फोटोची वेळ. तिनं वाचलं, "वीस सत्तेचाळीस."

पलीकडून जयदीपचा आवाज आला, एकदम थंड. "म्हंजे पावनेनऊ."

"पावणेनऊ," ती म्हणाली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पावणेनऊ हा आकडा गावात सहा दिवस फिरत होता आणि आता तो तिच्या कॉम्प्युटरवर होता. दोघांनाही वाटलं, सापडला.

जयदीप काय करणार हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती काही दुधखुळी नव्हती. तिनं त्याला थांब म्हटलं नाही. पोलिसांना फोन करू म्हटलं नाही. उलट छातीवरची सहा दिवसांची शिळा हलल्यासारखं तिला वाटलं. मरू दे, हाल हाल होऊन मरू दे मेल्याला, असं ती दात खाऊन मोठ्यानं म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

अर्ध्या तासानं गाडी आली. मोरीवरून येऊन ती कडुलिंबाच्या अलीकडं थांबली, अपूर्व पडला होता त्याच जागी. पूर्णिमेनं खोलीच्या दारातून पाहिलं. जयदीप आणि त्याच्या जिनिंगमधले दोघं, महिपत आणि प्रवीण, फकिराला केसांनी धरून बाहेर ओढत होते. त्याला ऑटो स्टँडवरूनच उचललं असावं, अंगात खाकी शर्ट होता. वाटेवर अपूर्वच्या रक्तावर टाकलेल्या राखेत त्याचं तोंड घासलं गेलं. ती आत आली आणि दार लोटून घेतलं.

पहिल्या फटक्याचा आवाज ओल्या कपड्यासारखा आला. मग फकिराची शिवी, मग पुन्हा फटका, आणि मग शिव्या बंद झाल्या.

"बोल बे! पावनेनवाला तूच होता ना?"

"व्हतो! मी कधी नाई म्हनलो? पन मी नाई..."

लाथा बसत होत्या. प्रत्येक लाथेसरशी माणसाच्या पोटातून हवा निघाल्याचा आवाज यायचा. पूर्णिमा खुर्चीवर बसली. कानात बोटं घालावीत असं तिला वाटलं, पण तिनं घातली नाहीत. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं धोंड्याची मापं घ्यायला सुरुवात केली. नासलेली फ्रेम सोडून बाकीच्या चालणार होत्या. एका फोटोतल्या ठिपक्यावर तिनं खूण केली. बाहेर काहीतरी कडकन मोडलं आणि फकिरा असा ओरडला की शेतातले बगळे उठले.

"म्याडम! म्याडम, तुमीच सांगा यायले! म्याडम!"

ती उठली नाही. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढं तिनंही ते कुणापासून लपवलं नाही. माणूस तिच्या नावानं ओरडत होता आणि ती ठिपक्यावर खुणा करत होती.

मापं घेणारा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोसोबत एक आकडा दाखवतो, ठिपका तेव्हा क्षितिजापासून किती उंचावर होता तो. नासलेल्या फ्रेमच्या आधीच्या फोटोवर आकडा होता सेहेचाळीस अंश. तिचे डोळे त्यावरून गेले, पुढं गेले आणि परत आले. धोंडा पुष्य नक्षत्रात होता. आणि नोव्हेंबरात पुष्य अकराच्या आत उगवतच नाही. पावणेनऊला तो क्षितिजाखाली असतो. पावणेनऊला त्याचा फोटो जगातल्या कुठल्याही दुर्बिणीला इथून निघाला नसता. आणि त्या रात्री तिनं कॅमेराच एक वाजता सुरू केला होता, आकडा पाहिल्याच्या भरात तेही ती विसरली होती.

जगभरचे आकाश पाहणारे एकच वेळ लिहितात, ग्रीनिचची, म्हणजे एकमेकांची मापं जुळतात. आठ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच कॉम्प्युटरचं घड्याळ त्या वेळेला लावलं होतं. वीस सत्तेचाळीस ही तिकडची वेळ. इथली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. एका सेकंदाच्या चुकीसाठी पोरांचे जर्नल फाडणारी बाई साडेपाच तास चुकली होती. दोन वाजून सतरा मिनिटं. रात्रीचे.

आणि अपूर्वला ठाऊक होतं की धोंडा मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो. तिनंच शिकवलं होतं. तो जेवून झोपला असणार, दोनला उठला असणार, त्याच्या सवयीनं अंथरूण घडी करून ठेवून निघाला असणार.

मग दोन सतराला कोण? तिनं आधीची फ्रेम पाहिली. काळी. त्याच्या आधीची, काळी. दिवे लावून मोरीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड मोरीपासून सरकत फ्रेमभर आडवा पसरायला हवा होता. इथं तो एकाच कोपऱ्यात होता, गाडी थांबल्यावर लागल्यासारखा. तिनं नंतरची फ्रेम पाहिली. ती पण काळी. म्हणजे गाडी मोरीवरून दिवे न लावता आली, मध्येच थांबून तिनं दिवे लावले, काय आपटलं ते पाहिलं आणि दिवे पुन्हा बंद करून ती निघून गेली. कडुलिंब अजून आला नव्हता ना.

साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात या तुकड्यात दिवे बंद करणारी एकच गाडी होती. ती आता बाहेर उभी होती, लोंबता बंपर तारेनं बांधलेला.

ती धावली. चप्पल न घालता, पऱ्हाटीतून, पायांना खुंट लागत. फकिरा वाटेवर कुशीवर पडला होता. एका डोळ्याच्या जागी नुसता मांसाचा गोळा दिसत होता, तुटके दात हनुवटीशी लाळेत लोंबत होते. डाव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. प्रवीण त्याच्या दोन्ही हातांवर गुडघे टेकून बसला होता. जयदीपच्या हातात चाक खोलायची लोखंडी टामी होती आणि ती त्यानं फकिराच्या डोक्यावर उचलली होती.

"थांब! जयदीप, थांब! टाइम चुकला माह्या हातानं!"

टामी वरच थांबली.

"काय चुकलं?"

"पावणेनऊ नाई ते. ते तिकडचं घड्याळ हाय, परदेशातलं. आपले दोन वाजून सतरा मिनटं होते. हा नाई. हा नव्हता."

जयदीप धापा टाकत होता. त्याच्या शर्टावर फकिराचं रक्त होतं, ओठावर पण. "मंग दोनला आला असन हा," तो म्हणाला. "दोनला येऊन मारलं असन. काऊन वाचवून राह्यली तू याले?" आणि त्यानं टामी पुन्हा उचलली.

एवढ्यावर ती गप्प बसू शकली असती. कोण होतं ते ठाऊक नाही म्हणाली असती, आणि भाऊ तिचाच राहिला असता. पण टामी खाली येत होती आणि खाली डोकं होतं.

"लाइट बंद होते!" ती किंचाळली. "मोरीपासून बंद होते, जयदीप! धडक बसल्यावर लागले. आन मंग पुन्हा बंद झाले!"

टामी फकिराच्या कानाशेजारी मातीत बसली.

जयदीपनं काहीही विचारलं नाही. कोणाचे लाइट, कोणती गाडी, तुला कसं कळलं, एक शब्द नाही. त्यानं बंपरकडं पाहिलं, मग राखेकडं. त्याला आधीपासून ठाऊक होतं की आत्ता कळलं, हे देव जाणे. महिपत आणि प्रवीण एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले आणि मग प्रवीणनं फकिराचे हात हळूच सोडले.

"डुक्कर होतं," जयदीप म्हणाला. "मी पाह्यलं लाइट लावून. कोनी नव्हतं वाटेवर. डुकरावानी आवाज आला पऱ्हाटीतून. डुक्कर होतं ते."

तो आवाज कसला, हे तिलाही कळलं आणि त्यालाही.

मग तो तिच्यावर धावला. "तूच! तूच म्हनायची बंद कर! चार मान्सांत माही अब्रू काढली, बंद कर म्हनून! त्याले टॉर्च नको लावू म्हनून कोन सांगे? कोन सांगे त्याले?" टामीचा फटका तिनं हातावर झेलला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं, ते तिला आधी ऐकू आलं आणि मग दुखलं. दुसरा तिच्या बरगडीवर बसला. ती पडली नाही आणि मागंही सरली नाही. तो खोटं बोलत नव्हता. शब्दन् शब्द खरा होता, आणि अजून चार बसले असते तरी तिनं ते घेतले असते. महिपतनं त्याला कमरेला विळखा घालून मागं ओढलं. त्याच्या हातातून टामी पडली आणि तो राखेत बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागला, दोन्ही हातांनी, पाळीपाळीनं.

फकिराच्या घशातून घरघर येत होती.

"उचला त्याले," पूर्णिमा म्हणाली. "मरन तो. उचला!"

महिपत आणि प्रवीणनं त्याला गाडीच्या मागच्या सीटवर घातलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोघांपैकी कोणालाच गाडी चालवता येत नव्हती. जयदीप उठून मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसला. पूर्णिमा त्याच्या शेजारी बसली, मोडका हात मांडीत घेऊन. सहा वाजून गेले होते, नोव्हेंबरचा अंधार भर्रकन पडला होता. गाडी वळली आणि मोरीकडं निघाली. जयदीपनं दिवे लावलेच नाहीत. त्याला भानच नव्हतं. मोरी ते कडुलिंब या तुकड्यात दिवे न लावणं त्याच्या हाडात शिरलं होतं. मोरीवर लाल दिवा नव्हता तरीसुद्धा.

मागून फकिराचा फुटक्या तोंडातून आवाज आला. "लाइट... लाइट लावा ना बापा..."

पूर्णिमेनं चांगला हात लांब करून बटण फिरवलं. उजेड पुढं पडला आणि वाट, खड्डे, दोन्ही बाजूंची पऱ्हाटी, सगळं दिसू लागलं. इतकं स्वच्छ दिसत होतं की कुत्र्याचं पिल्लू आडवं आलं असतं तरी चुकवता आलं असतं.

फकिरा जगला. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ऑटो त्याच्या मेहुण्यानं चालवायला घेतली. पोलिसांनी खोलीतला कॉम्प्युटर मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि त्याच्यासोबत धोंड्याची तिसरी रात्रही लाखेच्या शिक्क्याखाली गेली. पंधरा दिवस उलटले, धोंडा दिसेनासा झाला. त्याची कक्षा सैलच राहिली. तो पुन्हा कधी, आकाशात कुठं उगवेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पण हे नंतरचं. त्या रात्री दवाखान्यातून ती आणि जयदीप सरळ ठाण्यावर गेले. ठाण्यात कागद लिहिणारा रायटर मूळचा तिकडं करीमनगरचा, त्याला मराठी बेताचंच. पूर्णिमेच्या हाताला ओलं प्लास्टर होतं. अपूर्वचं आणि फकिराचं, दोन्ही त्यानं लिहायला घेतलं. वेळ विचारली. दोन वाजून सतरा मिनिटं, पूर्णिमा म्हणाली, आणि इथली वेळ, असंही तिनं त्याच्याकडून लिहून घेतलं. मग त्यानं जयदीपकडं पाहिलं.

"गाडी के लाइट काय को बंद थे?"

जयदीपनं मान वर केली नाही. त्याचे दोन्ही गाल सुजले होते. ताईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"खराब होते," तो म्हणाला.

रायटर लिहू लागला. पूर्णिमेनं चांगला हात टेबलावर, त्याच्या कागदावर ठेवला.

"खराब नव्हते," ती म्हणाली. "मी बंद करायले लावले होते. आन जो मेला त्याले टॉर्च लावू नको म्हनून पन मीच सांगतलं होतं. लिवा."

"आप कौन?"

"बहीन," ती म्हणाली. "दोघांची."